सव्वीस रुग्ण आणि एक सिस्टर

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी रुग्णालयात आपल्या माणसाच्या उशाशी रात्र काढली असेल. अशा वेळी नजर सलाइनच्या थेंबांवर असते आणि कान सिस्टरच्या पावलांकडे. बोलावूनही त्या लवकर आल्या नाहीत, की मनात राग दाटतो. तो राग मीही बाळगला होता. एका रात्री तो उतरला, आणि त्यानंतर रुग्णसेवेकडे पाहण्याची माझी दृष्टीच पालटली.

गेल्या पावसाळ्यात माझे वडील परसदारी घसरून पडले. आम्ही त्यांना आबा म्हणतो, वय ८१. खुब्याचे हाड मोडले होते. पंढरपूरहून त्यांना सोलापूरच्या एका रुग्णालयात नेले आणि शस्त्रक्रिया उत्तम पार पडली. आबा मधुमेही आहेत व इन्सुलिन घेतात. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसातला सिस्टरनी जेवणाआधीचे इन्सुलिन टोचले. पाठोपाठ ताट आले. आबांनी खिचडीचे दोन घास घेतले, "चव नाही रे" म्हणून तोंड फिरवले आणि डोळे मिटले. तासाभराने मी ते ताट तसेच परत दिले. एवढ्यात औषधांची ट्रॉली ढकलीत सिस्टर घाईने समोरून गेल्या. जाता जाता त्यांनी विचारले, "आबा जेवले ना?"

मी "हो" म्हणालो.

फसवण्याचा हेतू नव्हता. दोन घास तर पोटात गेलेच होते; शिवाय दिवसभराच्या थकव्यानंतर कुणाचे चार शब्द ऐकून घेण्याची ताकद उरली नव्हती. माझ्या दृष्टीने ते क्षुल्लक उत्तर होते. सिस्टरच्या दृष्टीने मात्र ती नोंद होती, आणि त्या नोंदीवर विसंबून त्या पुढच्या खाटेकडे वळल्या.

रात्री अकराच्या सुमारास वॉर्डातल्या मावशी चादर बदलायला आल्या. मी म्हणालो, "राहू द्या, आत्ताच गाढ झोप लागली आहे त्यांना." मावशींनी आबांच्या पाठीखाली हात घातला आणि तो चटकन बाहेर काढला. "अहो, सदरा चिंब झालाय. डोक्यावर पंखा आहे, बाहेर पाऊस आहे, मग एवढा घाम कशाचा?" त्यांनी दोन हाका मारल्या. आबा काहीतरी असंबद्ध पुटपुटले. मावशी तशाच सिस्टरकडे धावल्या.

सिस्टर त्या वेळी वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला एका रुग्णाला रक्त चढवीत होत्या. रक्त सुरू झाल्यावर पहिली पंधरा मिनिटे रुग्णावर विशेष लक्ष ठेवावे लागते. त्यांनी रक्ताची नळी तात्पुरती बंद केली, मावशींना त्या रुग्णापाशी थांबवले, वॉर्डबॉयला डॉक्टरांना फोन लावायला सांगितले आणि साखर तपासण्याचे यंत्र घेऊन त्या आमच्याकडे आल्या. साखर होती ४४. ती ७०च्या खाली गेली तरी उपाय करावा लागतो. ड्यूटीवरचे डॉक्टर जिना चढून येईपर्यंत शिरेतून द्यायचे ग्लुकोज तयार होते. दहा-बारा मिनिटांनी आबांनी डोळे उघडले आणि विचारले, "उजाडलं का रे?"

सगळे स्थिरावल्यावर सिस्टर वही घेऊन माझ्यापाशी आल्या. "ते जेवले असं म्हणाला होतात ना? रागावत नाही मी. लिहायला हवं, म्हणून विचारते." मी खाली मान घालून खरे सांगितले. त्यांनी ते लिहून घेतले. मग धीर करून मी विचारले, "आज तुमच्याकडे किती रुग्ण आहेत?"

"सव्वीस. रात्रीला दोघी असतो. जोडीदारीण तापाने आजारी आहे आणि बदली मिळाली नाही." एवढे बोलून त्या पुन्हा रक्ताच्या रुग्णाकडे गेल्या. पहाटेपर्यंत मी त्यांना खुर्चीवर टेकलेले पाहिले नाही.

सकाळी मोठे डॉक्टर राउंडला आले. रात्रीचा प्रसंग ऐकून त्यांनी विचारले, "प्रथम कुणाच्या लक्षात आलं?" सिस्टर म्हणाल्या, "मावशींच्या." श्रेय ज्याचे त्याला देणारा तो एक शब्द माझ्या मनात आजही आहे. ज्या वॉर्डात मावशींचे म्हणणे सिस्टर ऐकतात आणि सिस्टरचे म्हणणे डॉक्टर ऐकतात, तिथे रुग्ण सुरक्षित असतो. त्या साखळीत त्या रात्री एकच कच्चा दुवा होता, आणि तो मी होतो.

तरीही सगळा दोष स्वतःच्या पदरात घेऊन मी थांबलो नाही. सिस्टरकडे दहा रुग्ण असते, तर माझ्या "हो"वर विसंबून त्यांना पुढे जावे लागले नसते. त्यांनी ताट स्वतः पाहिले असते. परिचारिकांची संख्या हा केवळ सोयीचा प्रश्न नव्हे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झालेल्या २ लाख ३२ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला, की दाखल झाल्यापासून ३० दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. कॅलिफोर्नियाने तर १९९९ साली कायदाच केला. तिथे आज सर्वसाधारण कक्षात एका परिचारिकेकडे पाचांहून अधिक रुग्ण देता येत नाहीत. आपल्याकडेही भारतीय परिचर्या परिषदेने प्रमाण ठरवून दिले आहे आणि रजेच्या बदल्यासाठी ३० टक्के जादा परिचारिका असाव्यात असे सुचवले आहे. कुणाला ताप आला तर त्याच्या जागी कोण, याचे उत्तर त्या ३० टक्क्यांत आहे.

म्हणून मी रुग्णालयाच्या व्यवस्थापनाला पत्र लिहिले. त्यात सिस्टरविरुद्ध अवाक्षर नव्हते. रात्रपाळीला दुसरी परिचारिका द्यावी, एवढीच मागणी होती. तिसऱ्या रात्री दुसऱ्या सिस्टर आल्या. ते माझ्या पत्रामुळे की त्यांचा ताप उतरल्यामुळे, हे विचारण्याच्या भरीस मी पडलो नाही.

वाचकहो, आपल्या घरचे कुणी दाखल असेल, तर काही गोष्टी आवर्जून करा. रुग्ण किती जेवला हे घासांच्या हिशेबात सांगा. पाणी, लघवी, झोप यांबद्दलही नेमके सांगा. आपल्या माणसाचे नेहमीचे बोलणे-वागणे आपल्याइतके कुणाला ठाऊक नसते. त्यात फरक दिसला, की "झोप असेल" म्हणून गप्प राहू नका. वृद्धांच्या बाबतीत तर मुळीच नको. सिस्टर औषधे काढत असताना मात्र किरकोळ कामासाठी त्यांना हाक मारू नका. तिथे चुकलेले लक्ष महागात पडते. सलाइनच्या चाकाला स्वतः हात लावू नका, कारण आपण परिचारिकेचे डोळे होऊ शकतो, हात नव्हे. आणि राग आलाच, तर आधी विचारा, "आज तुमच्याकडे किती रुग्ण आहेत?" उत्तर ऐकल्यावर तो राग कुठे न्यायचा ते आपोआप कळते.

आबा आता काठी घेऊन अंगणापर्यंत जातात. जेवायला बसले, की अजूनही मी त्यांच्या ताटाकडे पाहत राहतो. ते चिडून म्हणतात, "घास मोजतोस काय?"

मी "हो" म्हणतो. या वेळी ते खरे असते.