फजरनंतरचा अर्धा तास

योगासनांचा विषय निघाला की आपल्या घरांत दोन प्रश्न हमखास येतात. हे आपल्यात चालते का? आणि याने हृदयाला खरेच फायदा होतो का? आम्ही दोघी जावा गेले दीड वर्ष या प्रश्नांसोबत राहत आहोत. आमच्यातली धाकटी उर्दू शाळेत शिकवते, थोरली घर आणि शिवणकाम सांभाळते.

घरातले थोरले, ज्यांना सगळे भाईजान म्हणतात, त्यांना दोन स्टेंट बसले. घरी सोडताना डॉक्टरांनी त्यांना तंबाखू बंद, मीठ-तेल कमी आणि रोज चालणे असे सांगितले. सहज म्हणून आमचाही रक्तदाब मोजला, तर थोरलीचा 158/96 भरला. पुढे वेगवेगळ्या दिवशी मोजून बघितला, तरी चढलेलाच. तिला गोळी सुरू झाली. वर्षानुवर्षे सगळ्यांची औषधे वेळेवर हातात देणाऱ्या बाईचा रक्तदाब तोवर कुणी मोजलाच नव्हता.

चाला म्हणणे सोपे असते. भाईजान मशिदीतून परतताना मैदानाला चार फेऱ्या मारून येतात. आमच्या मोहल्ल्यात बायकांनी पहाटे फिरायला जायचे कुठे? म्हणून फिजिओथेरपिस्ट बाईंनी आम्हाला घरात करता येतील अशी सोपी आसने आणि श्वासाचा सराव शिकवला. फजरनंतरचा अर्धा तास त्यासाठी ठरला.

पहिला प्रश्न अम्मींनीच विचारला. त्यांना आम्ही इतिहास सांगितला. अकराव्या शतकात अल-बिरुनीने पतंजलींचा योगग्रंथ अरबीत आणला. सोळाव्या शतकात ग्वाल्हेरचे सूफी शेख मुहम्मद गौस यांनी 'बहरुल हयात' हा ग्रंथ फारसीत लिहिला. त्यात आसने आणि श्वासाच्या क्रिया आहेत. शहजादा सलीमसाठी त्याची सचित्र प्रतही तयार झाली होती. आजही यावर आलिमांची मते एकसारखी नाहीत, हे आम्हाला ठाऊक आहे. आमच्या घरात मंत्र नाही, सूर्यनमस्कार नाही. अंग हलवायचे आणि श्वास सावकाश घ्यायचा. ज्यांचे मन एवढ्यालाही राजी नसेल त्यांनी घरातल्या घरात चालावे. हृदयाला त्याचाही फायदा आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जरा सांभाळून द्यावे लागते. एरवी आपण मिनिटाला 12 ते 20 वेळा श्वास घेतो. तो संथ केला, विशेषतः सोडताना लांबवला, की व्हेगस या नसेमार्फत हृदयाची गती उतरते. इटलीतल्या डॉक्टरांनी 23 निरोगी माणसांवर केलेला एक अभ्यास 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना असो की योगातला मंत्र, दोन्ही म्हणताना श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला आणि रक्तदाब सावरणारी शरीराची यंत्रणा अधिक तत्पर झाली. तस्बीह त्या अभ्यासात नव्हती, म्हणून तिच्याबद्दल आम्ही दावा करत नाही. पण संथ श्वासाचे काम त्यातून समजते.

आपल्या देशात 24 रुग्णालयांत, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या सुमारे 4,000 रुग्णांवर 'योगा-केअर' हा मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या रुग्णांना तीन महिन्यांत योगाची 13 सत्रे दिली. मृत्यू, पुन्हा झटका अशा गोष्टी योगाने नक्की कमी होतात, असे त्यातून सिद्ध झाले नाही. मात्र योग करणाऱ्यांना आपली तब्येत बरी वाटू लागली आणि ते पूर्वीच्या कामांकडे अधिक चांगले परतले. म्हणजे योग हा औषधाचा सोबती आहे.

हे लक्षात ठेवणे आमच्या घरात कामी आले. भाईजानही खुर्ची ओढून आमच्यात बसू लागले होते. तिसऱ्या महिन्यात त्यांच्या मोबाईलवर मेसेज आला की योगाने ब्लॉकेज आपोआप उघडतात. ते म्हणाले, "इतकं हलकं वाटतंय, गोळ्या थांबवून बघू का?"

थोरली शिवणयंत्रावरून उठली. "अहो, स्टेंट काय चटईवर बसवला होता का? आधी गोळी घ्या, मग चटई टाका." रक्त गोठू न देणारी गोळी मनाने बंद केली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते, हे तिने डॉक्टरांकडून नीट ऐकून ठेवले होते. भाईजानांनी गोळी घेतली. तो मेसेज त्यांनी पुढे पाठवला नाही, हेही महत्त्वाचे.

आमचा क्रम साधा आहे. मान-खांदे मोकळे करणे, ताडासन, मार्जारासन, हलके भुजंगासन. मग दहा मिनिटे बसून श्वास: चार अंक मोजत आत, सहा अंक मोजत बाहेर. शेवटी शवासन. श्वास कोंडायचा नाही, कपालभाती-भस्त्रिका नाही, शीर्षासन-सर्वांगासन नाही. ज्यांना हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. रमजानमध्ये आम्ही इफ्तारच्या आधी फक्त श्वास आणि हलक्या हालचाली करतो. गोळ्यांच्या वेळा मात्र रमजान लागण्याआधीच डॉक्टरांकडून ठरवून घेतो.

थोरलीचा रक्तदाब आता 130/82 च्या आसपास असतो. त्यात गोळीचा वाटा किती, लोणचे-पापड कमी केल्याचा किती आणि श्वासाचा किती, हे आम्हाला वेगळे काढता येत नाही. पण धुण्याची बादली घेऊन ती मध्ये न थांबता गच्चीवर जाते आणि रात्री तिला झोप लागते.

वाचक बहिणींना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. या आठवड्यात स्वतःचा रक्तदाब मोजून घ्या. घरातल्या पुरुषांना दवाखान्यात नेता त्याच फेरीत घ्या. आणि छातीत दाब, जबडा किंवा पाठ दुखणे, दम लागणे, मळमळ, थंड घाम असे काही झाले तर पित्त म्हणून सोडा पिऊन पडून राहू नका, आणि अशा वेळी आसनेही करू नका. 108 ला फोन लावा, भाकरी तव्यावर असली तरी.