कोऱ्या पत्राचा मायना

वडीलधाऱ्यांस ‘तीर्थरूप’ आणि धाकट्यांस ‘चिरंजीव’ असा पत्राचा मायना घालण्याची आपल्या घरांतील रीत जुनी आहे. तीत आदर आहे, जिव्हाळाही आहे. परंतु आजोबांनी नातीस स्नेह्याचा मायना घातल्याचे कोणी पाहिले आहे काय? एका छपराखालच्या दोन टोकांच्या पिढ्यांत माया उदंड असते. मैत्री मात्र विरळा.

गेल्या दिवाळीच्या सुटीत सारी मंडळी जमली असता आम्ही ‘संत ज्ञानेश्वर’ हा प्रभातचा १९४० सालचा बोलपट घरीच पाहिला. दिग्दर्शन दामले-फत्तेलाल यांचे, आणि ज्ञानेश्वर झाले आहेत शाहू मोडक. मोडक मूळ आमच्या नगरचे. १९१८ साली येथील एका ख्रिस्ती कुटुंबात जन्मले. शिवाय ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती शके १२१२ मध्ये, याच जिल्ह्यात, प्रवराकाठच्या नेवाशास. त्यामुळे बोलपट घरचाच वाटला.

तो संपल्यावर चांगदेवांची कथा निघाली. त्यांची समाधीही आमच्याच जिल्ह्यात, गोदाकाठी पुणतांब्यास आहे. योगबळाने चौदाशे वर्षे जगलेल्या या पुरुषास ज्ञानदेवांना पत्र लिहावयाचे होते. वय पाहावे तर ‘चिरंजीव’, ज्ञान पाहावे तर ‘तीर्थरूप’. मायना सुचेना, म्हणून त्यांनी पत्र कोरेच धाडिले. ते पाहून चिमुरडी मुक्ताई म्हणाली की, इतके जगूनही हा कोराच राहिला! ज्ञानदेवांनी उत्तरादाखल पासष्ट ओव्या लिहिल्या. तीच ‘चांगदेव पासष्टी’. पुढे चांगदेवांनी त्या मुक्ताईसच गुरू केले.

आमची अकरा वर्षांची धाकटी म्हणाली, “मला काही सुचत नाही, एवढे तरी लिहायचे!” सर्व हसले. मामंजीही हसले.

मामंजींनी उभा जन्म शाळेत शिकविण्यात घालविला. दोन वर्षांपासून त्यांस ऐकू कमी येते. परंतु ते कबूल करीत नसत. यंत्राचे नाव काढिले की उठून जात. चारचौघे हसले की हसत आणि बाकी वेळ वर्तमानपत्र पुढे धरून बसत. दुसऱ्या दिवशी त्यांनी नातीस जवळ बोलाविले. “काल सगळे हसले म्हणून मी हसलो. तू काय म्हणालीस ते ऐकू आले नाही. सांगतेस?”

तिने कानाशी तोंड नेऊन सांगितले. मामंजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “खरे आहे, लिहायला हवे होते.”

तेव्हापासून दोघांची गट्टी जमली आहे. घरात काय चालले आहे ते ती त्यांस सांगते. तिचे अडलेले गणित ते सोडवितात. मुलगा व सून यांच्या दोन वर्षांच्या विनवण्यांनी जे झाले नाही, ते तिने आठ दिवसांत केले. त्यांचे बोट धरून ती कानांच्या डॉक्टरांकडे गेली, आणि आता यंत्र सकाळी आठवणीने तीच लावते.

या कथेत सारे कौतुक मुक्ताईच्या चतुराईचे होते. मला अलीकडे चांगदेवांचेच अधिक वाटते. खोटा मायना घालून वेळ मारून नेणे त्यांस कठीण नव्हते. त्यांनी तसे न करता कागद कोरा पाठविला, म्हणूनच त्यावर दुसऱ्यास काही लिहिता आले.