आजी, तू नाव का घेत नाहीस?

आमच्या नातेवाइकांत "नातू काय करतो?" या प्रश्नाला "अमेरिकेत शिकतो" एवढं उत्तर पुरत नाही. कुठलं कॉलेज, कुठली शाखा, सगळं लगोलग विचारतात. २०२१ साली नातू सॅन होजेला बारावी झाला आणि तिथल्याच एका कम्युनिटी कॉलेजात जाऊ लागला. तेव्हापासून मी सगळ्यांना "कॉलेजला जातो" असं मोघम सांगत होते. खोटं नव्हतं ते, पण...

करोनात त्याची बारावी बरीचशी घरात स्क्रीनसमोर बसून गेली. मार्क घसरले, आणि हव्या त्या विद्यापीठांनी नकार कळवला. मला वाटलं, संपलं!

२०२२ च्या जूनमध्ये लेकीकडे गेले होते. एका संध्याकाळी पुण्याच्या नणंदेशी फोनवर बोलत होते आणि हा मागे कॉफी करत होता. फोन ठेवल्यावर म्हणाला, "आजी, तू माझ्या कॉलेजचं नाव का घेत नाहीस?" मी म्हटलं, "अरे, तिकडे कुणाला कळणार आहे?" त्याने सरळ लॅपटॉप उघडला आणि म्हणाला, "मग मी तुला सांगतो, तू त्यांना सांग."

चाळीस मिनिटं शिकवणी झाली. (विद्यार्थिनी मठ्ठ होती.) पदवीच्या चार वर्षांपैकी पहिली दोन इथे करायची, साठ युनिटं जमवायची आणि तिसऱ्या वर्षाला विद्यापीठात जायचं. इथे एका युनिटला ४६ डॉलर, म्हणजे साठांचे २,७६० झाले. विद्यापीठात एकाच वर्षाची फी तेरा हजारांच्या वर! ही सोय काही आजची नव्हे. इलिनॉयमधल्या जोलिएटला असं पहिलं सरकारी कॉलेज १९०१ साली निघालं, आणि कॅलिफोर्नियाने १९६० च्या आराखड्यात हा रस्ता पक्का बांधून घेतला.

गोम आहे ती विषयांत. इथला कुठला विषय तिथे धरतात, ते 'असिस्ट' नावाच्या संकेतस्थळावर बघावं लागतं. याने ते उशिरा बघितलं. अर्थशास्त्राला लागणारं कॅल्क्युलस राहून गेलं होतं, म्हणून सगळे मित्र भटकत असताना स्वारी उन्हाळी वर्गाला जात होती. ठरलेले विषय आणि गुण सांभाळले, तर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सहा कॅम्पसपैकी एकावर प्रवेशाची हमी मिळते. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन दिएगो त्यात नाहीत. त्याने डेव्हिस निवडलं होतं.

मी ऐकत होते, पण मन भलतीकडेच गेलं. मी डी.एड. करून शाळेत लागले, आणि बी.ए. केलं ते नोकरी सांभाळून, बाहेरून. रात्री पोरं झोपली की ओट्यापाशी बसून वाचायचं. शिक्षकांच्या खोलीत "यांचं बाहेरून आहे" हे ज्या सुरात म्हटलं जायचं, तो सूर अजून कानात आहे. आणि तोच सूर मी फोनवर नातवासाठी लावत होते. त्याला मराठी वाचता येत नाही धड, पण तो सूर मात्र बरोबर कळला होता.

नोव्हेंबरात अर्ज भरताना त्याने एक निबंध मला वाचायला दिला. निवडलेल्या विषयासाठी काय तयारी केलीत, असा प्रश्न होता आणि मर्यादा साडेतीनशे शब्दांची. मी सवयीने लाल पेन शोधलं. इंग्रजीतलं मला काय सुधारता येणार, म्हणा! पण त्या उन्हाळी वर्गाबद्दल त्याने एक ओळ लिहून खोडली होती. ती परत घालायला लावली.

२०२३ च्या शरदात तो डेव्हिसला गेला, आणि जून २०२५ मध्ये पदवीधर झाला. पहिली दोन वर्षं कुठे काढली, त्याचा पदवीपत्रावर उल्लेख नसतो. त्या रात्री मी नणंदेला फोन केला आणि पहिल्या कॉलेजच्या नावासकट सगळं खणखणीत आवाजात सांगितलं.

ती म्हणाली, "वहिनी, मला केव्हाचं माहीत आहे. त्यानेच सांगितलं होतं, कॉलेज सुरू झालं त्याच आठवड्यात."