सड्यावरची सपरी

यवतमाळच्या माणसाला समुद्राकाठचं घर काढायला बसवलं, की तो आधी उन्हाचा बंदोबस्त करतो. बायकोच्या माहेराकडून राजापूर तालुक्यातला सड्याचा एक तुकडा आमच्या वाट्याला आला. नुसता कातळ. झाड म्हणावं असं झाड नाही, आणि पुढे कड्याखाली समुद्र. कागद घेतला तर माझा हात आपोआप पश्चिमेची भिंत जाड करत गेला. मेमध्ये पारा 44-45 वर जातो त्या गावात वाढलेला हात तो. बायकोनं वाकून पाहिलं आणि म्हणाली, "अहो, तिथून ऊन नाही, पाऊस येतो." भिंत तीच राहिली, तिचं कारण तेवढं बदललं.

आमच्याकडे वर्षाला साधारण 900 मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो बहुतेक वेळा वरून खाली पडतो. तिकडे 3000च्या वर, आणि सड्यावर तो नैर्ऋत्येकडून आडवा चालत येतो. जुन्या घरांना पडवीभोवती झाप बांधायचे ते याचसाठी. शिवाय खारा वारा. लोखंडाची बिजागरी, कड्या, स्लॅबमधली सळई, कशाचीच त्याला दया नाही. सळई गंजली की फुगते आणि काँक्रीटचे पोपडे सुटतात. म्हणून स्लॅब नकोच ठरलं. उतरतं छप्पर, लाकडाचे वासे, मंगलोरी कौलं, खाली वाकलेल्या वळचणी. 3 जून 2020च्या निसर्ग वादळात रायगड-दापोलीकडे छपरं कशी उचलली गेली ते ज्यांनी पाहिलं, ते सुतार आता वासा भिंतीला जखडल्याशिवाय पुढचं बोलत नाहीत.

बायकोला घर लहान हवं होतं, आणि आत एकही भिंत नको होती. एकच दालन. आईनं ऐकलं आणि विचारलं, "एकच खोली? मंग पाव्हना आला तं निजन कुठी?" प्रश्न बिनतोड होता. पण एका खोलीत जगणं आमच्या जिल्ह्याला नवं थोडंच आहे? झरी-जामणी, मारेगावकडच्या कोलाम पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, कुडाच्या भिंती, वर माती-शेणाचा हात, आत मोजकंच सामान. निजणं, बसणं, धान्य निवडणं, पाहुण्याशी बोलणं यांतलं बरंचसं अंगणात. घर लहान असतं ते अंगण मोठं असतं म्हणून. ही गोष्ट मासिकांतल्या गुळगुळीत फोटोंत दिसत नाही. तिथे भिंती पाडतात, पण अंगण विसरतात, आणि मग उरतो तो नुसता हॉल.

आमच्या शेजारच्याच जिल्ह्यात सेवाग्रामची बापूकुटी आहे. माती, बांबू, कवेलू. आधी ती मीराबेनची झोपडी होती. 1978च्या जानेवारीत विचारवंत इव्हान इलिच तिथे आले, कुटीत बसले आणि पुढे तिच्यावरच बोलले. माणूस राहतो ते घर वेगळं आणि माणसाचं सामान राहतं ते वेगळं, असा त्यांच्या बोलण्याचा रोख. मी कुटीत गेलो की बसकणीच्या उंचीकडे पाहत राहतो. जमिनीवर बसणाऱ्याला छप्पर बुटकं चालतं, बुटक्या छपराला वारा कमी लागतो. विदर्भातल्या उन्हासाठी केलेली ही युक्ती कोकणातल्या वादळालाही चालेल, हे मला फार उशिरा सुचलं.

दुसरं उदाहरण पार फ्रान्सचं. ल कॉर्ब्युझिए, ज्यानं चंडीगड आखलं, त्यानं स्वतःसाठी भूमध्य समुद्राच्या खडकाळ काठावर, रोकब्रून-कॅप-मार्तँला, 1952 साली एक लाकडी खोपटं उभं केलं. 3.66 मीटरचा चौरस, म्हणजे 12 बाय 12 फूट. पलंग, टेबल, कपाट सगळं त्यात बसवलेलं. फक्त स्वयंपाकघर नाही, कारण एक दार थेट शेजारच्या खाणावळीत उघडायचं. दुसऱ्याच्या चुलीवर जेवायचं असेल तर कोणाचंही घर 12 फुटांत बसतं! 1965च्या ऑगस्टमध्ये तिथेच खाली पोहताना तो गेला.

आमचं घर त्या खोपटाच्या तिप्पट आहे. 28 फूट लांब, 16 फूट रुंद. पश्चिम आणि दक्षिण बाजू चिऱ्याच्या जाड भिंतींच्या, आणि त्यांना पाठ लावून न्हाणी, कोठी, स्वयंपाकाचा ओटा. जे बंदिस्तच असायचं ते सगळं वाऱ्याच्या तोंडावर उभं केलं. त्यांच्या आडोशाला उरलेलं दालन मोकळं, आणि पूर्वेला घराच्या पूर्ण लांबीची 8 फुटांची सपरी. पाव्हना तिथे निजेल. समुद्राकडे घराची पाठ. हे ऐकून पुण्याचे एक आप्त खरोखर दुखावले. पण कोकणातली जुनी घरं तरी कुठे समुद्राकडे तोंड करून बसली आहेत? ती माडा-पोफळींच्या आड, वाडीत. समुद्र ज्याच्या रोजच्या पोटापाण्याचा असतो, त्याला तो बिछान्यातून दिसायची गरज नसते. एक खिडकी मात्र आहे, दोन फुटांची, ओट्याच्या वर. भाजी चिरणाऱ्याला समुद्र दिसेल, लोळणाऱ्याला नाही. ही अट बायकोची, आणि मला ती न्याय्य वाटते.

जमिनीनं सगळ्यात जास्त चकवलं. आमची काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, घराला खाली ओढते. म्हणून पाया खोल, आणखी खोल. इथे खणायला मातीच नाही. सुरुंग लावायला मी तयार नव्हतो. याच सड्यांवर कशेळीला, बारसूला कुणीतरी हत्ती आणि माणसं कोरून ठेवली आहेत. जोतं कातळावरच चिऱ्यांनी उचललं, उंचसखलपणा तसाच ठेवला. न्हाणी दोन पायऱ्या खाली आली. पावसाळ्यात पाण्याखाली गेलेला सडा उन्हाळ्यात कोरडाठक, म्हणून सपरीखाली टाकी.

जागा भरतीरेषेपासून 200 मीटरच्या आत असती तर किनारा नियमनाच्या कायद्यानं हे सगळं कागदावरच राहिलं असतं. ती त्यापलीकडे आहे. आता भांडण उरलंय ते बंगईचं, म्हणजे झोपाळ्याचं. सपरी आहे तिथे बंगई हवीच, हा आमचा वऱ्हाडी हट्ट. लोखंडी साखळी दोन पावसाळ्यांत खारा वारा खाऊन टाकेल, पितळी साखळीचा भाव ऐकून मी गप्प झालो. सुतार म्हणतो, सुंभाचे दोर लावा, दरवर्षी बदला. आई म्हणते, "दोर तुटला तं कंबर कोन बदलन, बापा?"