सुजलेला हात आणि न दिसणारा किरण

स्तनाच्या कर्करोगाचे उपचार संपून वर्ष-दोन वर्षं झालेल्या बायका माझ्याकडे येतात, त्या बहुधा एकच तक्रार घेऊन. “मॅडम, ब्लाऊजची एकाच हाताची बाही घट्ट होतेय.” बांगडी निघत नाही, हात दिवसभर जड वाटतो. घरी त्यांना ऐकवलेलं असतं, जीव वाचला ना, मग हाताचं काय एवढं! मला या वाक्याचा फार राग येतो. पोळ्या लाटायच्या, केस विंचरायचे, नातवाला उचलायचं ते याच हातानं. त्याचं दुखणं किरकोळ कसं?

काखेतल्या लसिकाग्रंथी काढल्या किंवा तिथे रेडिएशन दिलं, की लसिका नावाच्या द्रवाची परतीची वाट अरुंद होते आणि प्रथिनयुक्त द्रव कातडीखाली साचू लागतो. सुरुवातीला बोट दाबलं की खळगा पडतो. दुर्लक्ष झालं, तर तिथे तंतू आणि चरबी वाढून हात टणक होतो. लघवी जास्त करवणाऱ्या गोळ्यांनी ही सूज बरी होत नाही. पाणी गेलं तरी प्रथिनं तिथेच राहतात.

या सुजेवर मी इतर उपायांबरोबर लेसरही वापरते. लेसर म्हटलं की बायका घाबरतात. हा लेसर मंद असतो, कापत नाही, भाजत नाही. १९६०च्या दशकात बुडापेस्टमध्ये एन्द्रे मेस्टर यांना केस काढलेल्या उंदरांच्या कातडीवर अशा मंद किरणांमुळे केस लवकर उगवताना दिसले. हे किरण पेशींमधल्या मायटोकॉन्ड्रियावर परिणाम करतात, असं मानलं जातं. लेसरनं शस्त्रक्रियेचा व्रण मऊ होतो, त्यामागे हेच कारण असावं.

आमच्या कामासाठी महत्त्वाचा अभ्यास २००३ साली ऑस्ट्रेलियातून प्रसिद्ध झाला. ९०४ नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा किरण काखेत द्यायचा, आणि तुलनेसाठी काहींना नुसतंच बंद यंत्र लावायचं. कोणाला काय मिळतंय हे रुग्णालाही ठाऊक नव्हतं आणि मोजणाऱ्यालाही. लेसर-बैठकांच्या दोन फेऱ्यांनंतर दोन-तीन महिन्यांनी सुमारे एकतृतीयांश स्त्रियांच्या हाताचं आकारमान २०० मिलिलीटरहून जास्त उतरलं. लगेच मात्र फरक दिसला नव्हता, एका फेरीनंतरही नाही. म्हणून “चार बैठकांत हात बारीक” असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

काखेतला व्रण घट्ट झालेला असेल, कातडी टणक लागत असेल, तिथे मला लेसर उपयोगी वाटतो. पण पट्ट्या बांधणं, दाबाची बाही घालणं, व्यायाम आणि कातडीची काळजी ही खरी कामं त्यानं टळत नाहीत. बाही उन्हाळ्यात नकोशी होते हे मी जाणते, तरी ती घालाच म्हणते. कर्करोगाची गाठ अजून असेल, तर त्या जागी मी लेसर लावत नाही. आणि हात लाल, गरम होऊन ताप आला, तर लेसरची वेळ घेत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. तो बहुधा जंतुसंसर्ग असतो.

माझं सर्जन मंडळींकडे एकच मागणं आहे. शस्त्रक्रियेच्या आधीच दोन्ही हातांची मापं घेऊन ठेवा. तुलनेला जुनं माप असलं, की सूज मऊ असतानाच आमच्या लक्षात येते, आणि त्या वेळी पट्टी व बाहीनंच पुष्कळ काम होतं.