कॅसेटवरचं दुसरं नाव

वर्ध्याला खेटून वाढलेल्या पिपरी मेघेसारख्या गावात नव्वदच्या दशकात पॉप संगीत आलं ते कॅसेटमधून आणि केबलवरून. तेव्हा तरुण असलेल्या आमच्या पिढीने 'जानम समझा करो' ऐकलं ते आशाताईंचं म्हणून, आणि आज मोबाइलवर लावतानाही तीच ओळख कायम आहे. मला ती अपुरी वाटते. १९९७ चा तो अल्बम आशा भोसले आणि लेस्ली लुईस या दोघांचा आहे. कुणी म्हणेल, जीव ओततो तो गळा, बाकी सजावट. त्याला उत्तर आदल्याच वर्षी मिळालं होतं. १९९६ च्या 'राहुल अँड आय'मध्ये राहुलदेव बर्मन यांच्या जुन्याच चाली आशाताईंनी पुन्हा गायल्या. चाली त्याच, गायिका तीच, तरी कान लगेच सांगतो की हे गाणं वेगळं आहे. हा फरक लुईस यांच्या संयोजनाने केला. तबलजी गायिकेचा श्वास पाहून क्षणभर थांबतो. यंत्रावर बांधलेला ठेका कुणासाठी थांबत नाही. अशा ठेक्यावर शब्द किंचित मागे ओढायचा आणि समेला बिनचूक यायचं, ही साठी ओलांडलेल्या आशाताईंची करामत. पण ती दिसावी एवढी मोकळी जागा ठेवायची, हे संयोजकाचं काम.

यंत्राने वादकांचं पोट मारलं, हा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. चित्रपटसंगीतातले भलेमोठे वाद्यवृंद आटले, त्यात सिंथेसायझरचा हात होताच. तरीही यंत्र आणि वादक हे जन्माचे वैरी नव्हेत. मुंबईच्या चित्रपटसंगीतात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये एचएमव्हीसाठी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले, तेही सिंथेसायझरवर. त्यांच्याकडच्या रोलंड टीबी-३०३ या छोट्या यंत्रात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. तिच्यातून मींडेचा भास निघतो. राग ऐकलेल्या कानालाच ती सोय अशी वापरायची सुचते. त्याच्या आदल्या वर्षी आलेल्या 'डिस्को दीवाने'चंही 'जानम समझा करो'सारखंच: नाझिया हसनचा कोवळा आवाज सगळ्यांना आठवतो, पण त्या आवाजाभोवतीचं संगीत बिद्दू यांनी उभं केलं होतं.

कॅसेटच्या आतल्या कागदावर बारीक अक्षरांत का होईना, संयोजकाचं नाव शोधता यायचं. मोबाइलच्या पडद्यावर बहुतेक वेळा गायकाचंच नाव आधी दिसतं आणि आपण तिथेच थांबतो. पुढच्या वेळी आशाताईंची ही गाणी लावाल तेव्हा एकदा गळा सोडून फक्त ठेका आणि मागचे सूर ऐका, आणि गाणं कुणाचं हे मुलांना सांगताना दोन्ही नावं सांगा.