काळ्या काचेआड

माऊली, यंदा शेगावच्या पालखीसोबत मी निघालो नाही. नांदुऱ्याच्या आयटीआयत वेल्डरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम करतो आहे. परीक्षेला बसायचे तर ८० टक्के हजेरी लागते आणि पायी वाट महिनाभराची. कोरडवाहू कपाशीवर घर भागत नाही. दुसरा मार्ग दिसला नाही.

वर्गात बाकीची सगळी पोरे माझ्या निम्म्या वयाची. सर सांगतात, उजेडाकडे नको, वितळलेल्या लोखंडाकडे पाहा. काळ्या काचेतून खरेच तेवढे एक छोटे डबके दिसते, बाकी अंधार. रॉड ३.१५ मिलिमीटरचा, तर त्याचे टोक कामापासून साधारण तितक्याच अंतरावर हवे. दूर गेले की शिंतोडे उडतात, टेकले की रॉड चिकटतो. हे अंतर मोजायला पट्टी नाही, आवाजावरून ओळखायचे.

सांधा वरून चकाकतो, त्यावर भुलू नये. आत स्लॅग राहिला असेल तर पट्टी वाकवताना तिथेच चीर पडते. म्हणून एक थर झाला की हातोडीने ठोकून, तारेच्या ब्रशने घासून मगच दुसरा. चाचणीच्या दिवशी मला गोरोबाकाकांचे थापटणे आठवते. नामदेवरायांनाही त्यांनी कच्चे ठरवले, अशी कथा आहे. तिथे आमची काय गत!

आईला वारी चुकल्याचे अजून पटलेले नाही. संध्याकाळी हरिपाठाला बसलो की माझ्या कपड्यांना जळक्या लोखंडाचा वास येतो म्हणून ती कुरकुरते. टाळ मात्र तीच माझ्या हाती देते.